शंखी गोगलगाय खरोखर संपली काय?

प्रश्न : 2022 च्या पावसाळ्यात आमच्या भागातील कोवळे सोयाबीन शंखी गोगलगायींनी फस्त केले आणि अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली. पुढच्या वर्षी त्या फारशा दिसल्या नाहीत. त्या संपल्या असे समजावे काय?
— एक शेतकरी वाचक, औसा तालुका, जि. लातूर

उत्तर : तसे समजू नये. जमीन कोरडी पडू लागली की ही गोगलगाय बांधाच्या भेगांत, दगडांखाली किंवा मातीत शिरते, शंखाचे तोंड पातळ पापुद्र्याने बंद करते आणि कित्येक महिने अन्नपाण्यावाचून तग धरते. 2023 च्या ऑगस्टमध्ये पावसाने दीर्घ खंड दिला. अशा कोरडीत अंडी आणि कोवळी पिले सुकून मरतात, दडून बसलेल्या मोठ्या गोगलगायी मात्र वाचू शकतात. प्रत्येक गोगलगाय उभयलिंगी असून एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालू शकते, त्यामुळे ओलावा टिकून राहिलेला एखादाच पावसाळा त्यांची संख्या पुन्हा वाढवण्यास पुरतो.

ऊन-पावसाने संख्या कमीजास्त होते, परंतु तिला कायमची मर्यादा पडते ती गर्दीबरोबर तीव्र होत जाणाऱ्या कारणांनी, म्हणजे अन्नाची टंचाई, रोग आणि भक्षक यांनी. दाटी झाली की गोगलगायींची वाढ खुंटते व अंडीही कमी होतात. आपल्याकडे हा लगाम फार उशिरा बसतो, हीच खरी चिंतेची बाब आहे. मूळची पूर्व आफ्रिकेतील ही जात 1847 मध्ये गोगलगायींचे अभ्यासक बेन्सन यांनी मॉरिशसहून कलकत्त्यास आणली, पण तिचे मूळचे शत्रू तिच्याबरोबर आले नाहीत. त्यात सलग सोयाबीनमुळे खाद्य मुबलक, आणि आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत शंखासाठी लागणारा चुनाही भरपूर. परिणामी अन्न अपुरे पडून संख्या आपोआप थांबेपर्यंत पीक हातचे गेलेले असते.

भारद्वाज पक्षी आणि काही काजव्यांच्या अळ्या गोगलगायी खातात, म्हणून बांधावरची झुडपे सरसकट तोडू नयेत. परदेशी भक्षक आणण्याचा विचार मात्र मनातही आणू नये. हवाई बेटांवर 1955 मध्ये सोडलेल्या शिकारी गोगलगायीने तेथील दुर्मीळ स्थानिक गोगलगायींचाच फडशा पाडला.

पहिल्या पावसानंतर, अंडी घातली जाण्यापूर्वी, गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी बांधालगत पसरावीत आणि पहाटे त्यांखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा करून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. शेजाऱ्यांनीही हे काम त्याच दिवसांत केले पाहिजे, अन्यथा त्यांच्या बांधावरून त्या पुन्हा आपल्या शेतात येतील.