उपवास पाळला, बहिणीचा वाटा राहिला

प्रश्न : मी नाशिकरोडला राहणारा कॅथलिक, वय पन्नाशीच्या आसपास. दर वर्षी राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, मांसाहार आणि चहा सोडतो, शुक्रवारी क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला जातो, तरी मन कोरडेच राहते. आईवडिलांच्या पश्चात त्यांचे घर विकले, तेव्हा थोरल्या ताईने हक्कसोडपत्रावर सही केली. ‘वाचायचं काय त्यात, तू आहेस ना,’ एवढेच ती म्हणाली. मी तिला काहीच दिले नाही. बाळ येशूच्या यात्रेला ती बरोबर असते, तेव्हा तिच्याकडे पाहवत नाही. या वर्षी धर्मगुरूंपुढे पापनिवेदन करून मोकळे व्हावे का?

प्रिय भाऊ, सप्रेम जय ख्रिस्त.

पापनिवेदन अवश्य करा. परंतु तेवढ्याने आपण मोकळे व्हाल असे मला वाटत नाही. ख्रिस्तसभेची (चर्चची) शिकवण येथे स्पष्ट आहे : धर्मगुरूंकडून पापक्षमा मिळाली, तरी आपल्या हातून दुसऱ्याचे जे नुकसान झाले ते शक्य तेवढे भरून देण्याचे कर्तव्य उरतेच. शुभवर्तमानातील जक्कय आठवून पाहा. येशूला पाहण्यासाठी उंबरावर चढलेल्या आणि त्याच्या हाकेने खाली उतरलेल्या त्या जकातदाराकडे येशूने पैशांचे काहीही मागितले नव्हते. तरी त्याने आपणहून अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्याला फसवले असेल त्याला चौपट परत करण्याचे कबूल केले, आणि त्यानंतरच त्याच्या घराला तारण (पापातून मुक्ती) लाभल्याचे येशूने सांगितले.

आपला उपवास व्यर्थ आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. नियमाने उपवास बंधनकारक आहे तो राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोनच दिवशी, तोही 18 ते 59 या वयात; आपण त्याहून कितीतरी अधिक करता. मला शंका येते ती या अधिकाविषयीच. ताईंना द्यायचे राहिले, त्याच्या जागी आपण वर्षानुवर्षे चहा आणि मटण यांचा त्याग ठेवत आला आहात, आणि ज्याचे देणे आहे त्याला ते पोहोचतच नसल्यामुळे मन कोरडे राहते. हा कोरडेपणा श्रद्धा आटल्याची खूण नसून आपली सदसद्विवेकबुद्धी जागी असल्याची खूण आहे, असे मी मानते.

‘सही तर तिनेच केली’ हा विचार मनात येत असेल, तर तो दूर ठेवा. वडिलांनी मृत्युपत्र केले नसल्यास 1925 च्या भारतीय वारसा कायद्यानुसार ख्रिस्ती कुटुंबात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच असतो. तो वाटा ताईंनी आपल्यावरील विश्वासापोटी सोडला; समजून उमजून आपल्याला बहाल केला नाही.

आता करायचे ते. प्रथम पत्नीला सर्व सांगा, कारण रक्कम मोठी असेल आणि तिचा भार दोघांवरही पडेल. घर किती रुपयांना विकले, ताईंचा वाटा किती होता आणि आज आपण किती देऊ शकता, हे एका कागदावर स्वच्छ लिहा. एकरकमी जमत नसेल तर हप्ते ठरवा, पण तारखांसह लिहून द्या. ताईंसमोर बसल्यावर क्षमा मागण्याची घाई करू नका. आधी हिशेब सांगा, कागद त्यांच्या हाती द्या, आणि त्या रागावल्या किंवा रडल्या तरी ऐकून घ्या. क्षमा लगेच मिळेल असे गृहीत धरू नका, तो निर्णय सर्वस्वी त्यांचा आहे. त्या ‘राहू दे रे’ म्हणतील, अशीही बरीच शक्यता आहे; थोरल्या बहिणी तसे म्हणतातच. तरीही पैसे द्या.

यासाठी पुनरुत्थानाच्या सणाची (ईस्टरची) वाट पाहू नका. येत्या शुक्रवारच्या आत ताईंना फोन करा आणि घराच्या पैशांबद्दल बोलायला येतो आहे असे फोनवरच स्पष्ट सांगा, म्हणजे आपण सहज भेटीला येत आहात असे समजून त्या स्वयंपाकाला लागणार नाहीत.