मुलगी म्हणते डिशमध्ये आजार बनवून अभ्यास करायचाय, यात करिअर आहे का?

पत्र थोडक्यात असं आहे. वडील कळव्याला राहतात, तुर्भे एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत क्वालिटीला आहेत. मुलगी यंदा बारावी झाली, बायो आणि मॅथ्स दोन्ही होतं, नीटला सरकारी सीट मिळेल एवढे मार्क नाहीत. तिचा नाशिकचा मामेभाऊ ११ वर्षांचा आहे, त्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर करणारा जीनचा आजार आहे आणि आता तो व्हीलचेअरवर असतो. मुलीने एक व्हिडिओ बघितला की पेशंटच्या रक्तातून स्टेम सेल, म्हणजे पुढे वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकतील अशा पेशी बनवतात, त्यातून स्नायू तयार करतात आणि त्यातला जीन दुरुस्त करून बघतात, तेव्हापासून तिचं एकच, मला हेच करायचंय. वडील विचारतात हे नक्की काय आहे, यात पोट भरेल का, आणि एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत बीटेक जेनेटिक इंजिनीअरिंग मिळतंय, वर्षाला साडेतीन लाख, ते घ्यायचं का. आणि शेवटी एक ओळ, मेव्हण्यांना कोणीतरी स्टेम सेल थेरपीचं पॅकेज सांगितलंय.

दादा नमस्कार,

ती शेवटची ओळ आधी घेते, कारण बाकी सगळ्याला वेळ आहे. मेव्हण्यांना सांगा की पैसे भरू नका. आयसीएमआर म्हणजे सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०१७च्या गाइडलाइन्सप्रमाणे आपल्याकडे स्टेम सेलची मान्य ट्रीटमेंट म्हणजे रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारं बोन मॅरो ट्रान्सप्लांट वगैरे, बाकी सगळं फक्त मंजूर झालेल्या क्लिनिकल ट्रायलमध्ये करता येतं आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. त्यामुळे कुणी इतक्या इंजेक्शनचं पॅकेज, वर ईएमआय असं बोलायला लागला की उठून यायचं. त्यापेक्षा मुलाला परळला केईएमला आणा, सरकारच्या २०२१च्या रेअर डिसीज पॉलिसीत केईएम सेंटर ऑफ एक्सलन्स आहे, म्हणजे दुर्मिळ आजारांसाठी ठरवलेलं हॉस्पिटल. आणि तिथे आलेच तर मामींना स्वतःची कॅरिअर टेस्टही विचारू दे, म्हणजे आजार नसला तरी बिघडलेला जीन त्यांच्यात आहे का ते बघायची टेस्ट. ड्युशेनचा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो, मुलाला एक्स येतो आईकडून, म्हणजे तुमच्या बायकोच्या माहेरचा यात संबंध नाही आणि तुमच्या मुलीलाही या कारणाने काळजी नाही, पण मामींना बहिणी असतील तर त्यांना हे कळायला हवं. अर्थात बऱ्याच मुलांमध्ये हा बदल नव्यानेच झालेला असतो, आईत नसतोच, त्यामुळे टेस्ट व्हायच्या आधी मामींना कोणी बोल लावू नये.

आता व्हिडिओ. त्यात आणि पॅकेजमध्ये स्टेम सेल हा एकच शब्द असल्यामुळे सगळा घोळ होतो. व्हिडिओतले स्नायू कुणाच्या अंगात घालायला बनवलेले नसतात, ते डिशमध्येच राहतात. आजार डिशमध्ये उभा करायचा, म्हणजे तो पेशीत नक्की कुठे काय बिघडवतो ते बघता येतं आणि औषधं त्याच्यावर ट्राय करता येतात. याला डिसीज मॉडेल म्हणतात.

हे शक्य झालं ते जपानच्या शिन्या यामानाका यांच्यामुळे, २००६मध्ये उंदराच्या आणि २००७मध्ये माणसाच्या साध्या त्वचेच्या पेशीत चार जीन टाकून त्यांनी तिला परत गर्भातल्या पेशीसारखं केलं, म्हणजे आता तिच्यापासून हृदय, मेंदू, स्नायू काहीही बनवता येईल. २०१२मध्ये जॉन गर्डन यांच्यासोबत नोबेल मिळालं. आता रक्ताच्या सॅम्पलमधूनही हे होतं. ड्युशेनमध्ये याचा उपयोग असा की या मुलांचं हृदय पण हळूहळू कमजोर होतं, आणि जिवंत मुलाच्या हृदयाचा तुकडा काय कोणी अभ्यासाला काढून घेणार नाही. पण त्याच्या रक्तातून बनवलेल्या स्टेम सेलपासून हृदयाच्या पेशी करता येतात, साधारण दहाएक दिवसांत त्या डिशमध्ये आपोआप धडधडायला लागतात, मायक्रोस्कोपखाली दिसतं. मग उंदीर का नाही वापरत? वापरतात की, एमडीएक्स नावाचा उंदीर आहे, या मुलांच्या स्नायूंत डिस्ट्रोफिन नावाचं जे प्रोटीन बनत नाही, ते त्याच्यातही नाही, पण तो पठ्ठ्या चालतो फिरतो, बऱ्यापैकी जगतो, मुलांसारखा व्हीलचेअरवर जात नाही. म्हणून माणसाच्या पेशी लागतात.

आणि व्हिडिओत जीन दुरुस्त करतात ते क्रिस्परने, म्हणजे डीएनए ठरलेल्या जागी कापून बदलायच्या तंत्राने. ते कशाला, तर तुम्ही क्वालिटीत आहात, कंट्रोल सॅम्पल म्हणजे काय हे मी तुम्हाला काय सांगायचं! पेशंटच्या पेशी एका निरोगी माणसाच्या पेशींशी ताडून बघितल्या तर दोघांच्या डीएनएत लाखो जागी फरक असतो, मग दिसलेला फरक आजारामुळे की असाच, कसं ठरवणार. म्हणून त्याच पेशंटच्या पेशी घ्यायच्या, क्रिस्परने फक्त तो एक बिघाड दुरुस्त करायचा आणि मूळच्या आणि दुरुस्त केलेल्या शेजारी शेजारी वाढवायच्या. बाकी सगळं सेम, फरक एकच. किंवा उलटं, निरोगी पेशीत मुद्दाम तो बिघाड करायचा. जेनिफर डाउडना आणि इमान्युएल शार्पांतिए यांचा क्रिस्परचा मूळ पेपर २०१२चा, नोबेल २०२०चं.

तुमच्या मुलीला मॅथ्स होतं म्हणून हे जरा सविस्तर लिहिते, तिला वाचायला द्या. पेशी डीएनए तीन तीन अक्षरांनी वाचते. समजा लिहिलंय "कमल गवत मगर". यातला पहिला क उडाला तर वाचलं जाईल "मलग वतम गर", पुढचं सगळं निरर्थक. पण अख्खं कमल उडालं तर गवत मगर नीट वाचता येतं. ड्युशेनच्या जीनचे ७९ तुकडे असतात, त्यांना एक्झॉन म्हणतात, आणि बऱ्याच मुलांमध्ये यातले एक किंवा जास्त गायब असतात. एक्झॉन ५० मध्ये १०९ अक्षरं आहेत, तीनने भाग जात नाही, तो उडाला की पुढचं सगळं बिघडतं आणि डिस्ट्रोफिन हे प्रोटीन बनतच नाही. आता गंमत बघ, शेजारच्या ५१ मध्ये २३३ अक्षरं आहेत, तो पण आपणहून काढून टाकला तर गेलेली एकूण अक्षरं ३४२, तीनने भाग गेला! मधला भाग गेला पण पुढचं वाचन जागेवर आलं, आखूड का होईना प्रोटीन बनतं. एक बिघाड दुरुस्त करायला अजून थोडं तोडायचं, असं हे लॉजिक आहे, आणि अमेरिकेत डॅलसच्या एरिक ओल्सन यांच्या लॅबने पेशंटच्या स्टेम सेलपासून बनवलेल्या हृदयाच्या पेशींत क्रिस्परने अशाच प्रकारच्या दुरुस्त्या करून दाखवल्यात.

तर तुझ्यासाठी पहिलं काम हेच, आता मी तुझ्याशीच बोलते. मामा-मामींना विचारून, त्यांची हरकत नसेल तरच, भावाचा जेनेटिक रिपोर्ट बघ, त्यात कुठले एक्झॉन गेलेत ते लिहिलेलं असतं. प्रत्येक एक्झॉनची लांबी ऑनलाइन मिळते, नेदरलँड्समधल्या लायडनच्या मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या वेबसाइटवर आहे. बेरीज कर, भाग जातो का बघ, कुठला शेजारी काढला तर जाईल ते शोध. हे करताना वेळेचं भान राहिलं नाही तर ही लाइन तुझी आहे, आणि कंटाळा आला तर तेही आत्ताच कळलेलं बरं ना.

दुसरं जरा कठोर आहे पण बोलायला हवं. तू पीएचडी करून भावाला बरं करशील असं मनात धरून यात येऊ नकोस. डिशमध्ये जमलं म्हणजे शरीरात जमलं असं नाही. डिशमधल्या पेशी वयाने बाळाच्याही आधीच्या, गर्भातल्या पेशींसारख्या राहतात, तिथे इम्युन सिस्टिम नाही, चालणं नाही, थकणं नाही. सिकल सेलवर क्रिस्परची ट्रीटमेंट आली, कॅसगेव्ही, २०२३च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मंजूर केली, पण तिथे रक्त बनवणाऱ्या पेशी बाहेर काढून, दुरुस्त करून परत घालता येतात. स्नायू असे बाहेर काढता येत नाहीत, अंगभर पसरलेल्या प्रत्येक स्नायूपर्यंत क्रिस्पर पोचवायचं हाच मोठा प्रॉब्लेम आहे. आणि लॅबमध्ये गेल्यावर तुला ड्युशेनच मिळेल असंही नाही. आपल्याकडे नंदुरबार, पालघर, गडचिरोलीत सिकल सेल आहे, जवळ उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांत थॅलेसेमिया आहे, परळला रक्ताच्या आजारांवर काम करणारी आयसीएमआरची एनआयआयएच आहे. तिथे तुझं मन रमेल का हा विचार कर.

रोजचं काम कसं असतं तेही ऐक, कारण व्हिडिओत फक्त धडधडणारं हृदय दाखवतात. स्टेम सेल ज्या पोषक द्रवात वाढतात तो मीडिया बहुतेक रोज बदलावा लागतो, रविवार, अनंत चतुर्दशी, ठाण्यात पाणी भरून ट्रेन बंद, पेशींना फरक पडत नाही. एका रक्ताच्या सॅम्पलपासून चांगली स्टेम सेल लाइन, म्हणजे डिशमध्ये वाढत राहणाऱ्या एकसारख्या पेशी, हातात यायला महिने जातात, मग तिचे क्रोमोसोम तपासायचे, कारण वाढता वाढता ते बिघडतात, क्रिस्परने भलतीकडे कट मारलाय का ते तपासायचं, आणि सगळं छान चाललेलं असताना एक दिवस मायकोप्लाझ्मा नावाच्या बॅक्टेरियाचं कंटॅमिनेशन निघतं आणि अख्खा बॅच टाकून द्यावा लागतो. हुशारीपेक्षा चिकाटीची माणसं इथे टिकतात असं माझं मत आहे, लोक काही म्हणोत.

आता दादा, पैशाचं.

साडेतीन लाखवालं बीटेक घेऊ नका. नावात जेनेटिक इंजिनीअरिंग आहे म्हणून मुलं जातात, पण त्या कॉलेजात सेल कल्चर लॅब आहे का, असली तर सेकंड इयरच्या मुलांना आत घेतात का, की काच लावून बाहेरून दाखवतात, हे विचारा. ब्रोशर नका बघू, तिथल्या लास्ट इयरच्या दोन मुलांना गाठून विचारा. संशोधनाच्या लाइनमध्ये पहिल्या डिग्रीच्या नावापेक्षा नंतर कुठे शिकलात आणि हाताने काय केलंत हे बघतात. ठाण्यात बांदोडकर, मुलुंडला वझे, दोन्हीकडे बायोटेक आहे, कळव्याहून लोकलने जाता येतं आणि फी त्या साडेतीन लाखाच्या जवळपासही जात नाही. बायोटेकला नाही मिळालं तर मायक्रोबायोलॉजी किंवा बायोकेमिस्ट्री घ्या, काही बिघडत नाही. आयसर या सरकारी विज्ञान संस्थांची आयएटी आणि कालिन्याच्या सेंटर फॉर एक्सलन्स इन बेसिक सायन्सेसची नेस्ट या परीक्षा खरं तर याच मुलांसाठी आहेत, पण त्यांचे फॉर्म बारावीच्या निकालाआधी भरायचे असतात आणि आपल्या घरांत तेव्हा नीटशिवाय दुसरा विषय नसतो. पुढच्या वर्षी ती त्यात बसते का ते वेबसाइटवर बघा, पण त्यासाठी नुसतं वर्ष गॅप घेऊ नका.

बीएस्सीच्या तीन वर्षांत स्टॅटिस्टिक्स आणि पायथन किंवा आर शिकायलाच हवं, क्रिस्पर झाल्यावर निघणारा सीक्वेन्सिंगचा, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचल्याचा डेटा हाताने बघता येत नाही आणि बायोची बहुतेक मुलं इथेच अडकतात, तिला मॅथ्स आहे तो फायदा आहे. मग एमएस्सीच्या प्रवेशाला गॅट-बी किंवा आयआयटीची जॅम ही परीक्षा. डिसर्टेशन, म्हणजे एमएस्सीचं संशोधनाचं प्रोजेक्ट, खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी मिळवायचा प्रयत्न करायचा, ठाण्याहून पनवेल ट्रेन आहेच.

एमएस्सीनंतर दोन वाटा आहेत. एक म्हणजे पीएचडी, नेट-जेआरएफ किंवा सरकारच्या बायोटेक खात्याची (डीबीटी) बेट यांसारखी फेलोशिपची परीक्षा काढली तर महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं वेगळं, हे २०२३पासूनचे आकडे. पाच-सहा वर्षं लागतात, ती २८-२९ची होईल. लग्नाचं तुम्ही लिहिलं नाहीत पण घरात विषय निघणार, तेव्हा हे वय आत्ताच सगळ्यांना सांगून ठेवा, तिच्या आजीला पण. आणि कळवा सोडावं लागेल हे धरून चाला, कारण याच प्रकारचं काम बंगळुरूला जास्त आहे, निम्हान्स, एनसीबीएस आणि इनस्टेम या तिथल्या संस्था मिळून मानसिक आजार असलेल्या कुटुंबांकडून स्टेम सेल लाइन बनवतात, वेल्लोरला सीएमसीचं स्टेम सेल सेंटर आहे, हैदराबादला एल. व्ही. प्रसादमध्ये डोळ्याच्या पडद्यावर काम चालतं.

दुसरी वाट नोकरी, आणि ती तुमच्या घराजवळ आहे हे बहुतेकांना माहीत नसतं. आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियलने मिळून केलेली कॅन्सरची कार-टी थेरपी, नेक्सकार१९, ज्यात पेशंटच्याच इम्युन पेशी बाहेर काढून, बदलून परत देतात, २०२३च्या ऑक्टोबरमध्ये मंजूर झाली, ती बनवणाऱ्या इम्युनोअ‍ॅक्टचं काम नवी मुंबईत चालतं, रबाळ्याला रिलायन्स लाइफ सायन्सेस आहे. हे डिसीज मॉडेल नाही, पण हाताचं काम तेच, स्टराइल हूडमध्ये, म्हणजे जंतू येऊ न देणाऱ्या कपाटासारख्या जागेत, माणसाच्या पेशी हाताळून वाढवणं आणि प्रत्येक बॅचची क्वालिटी तपासणं. म्हणजे तुमच्याच डिपार्टमेंटला आली की ती! शिवाय २०२३मध्ये आपल्या औषध चाचणीच्या नियमांत बदल होऊन प्राण्यांऐवजी माणसाच्या पेशींवरच्या चाचण्यांनाही जागा मिळाली, त्यामुळे हे काम येणारी माणसं औषध कंपन्यांना लागणार असं मला वाटतं. सुरुवातीचा पगार मात्र फार नसतो, आयटीतल्या शेजाऱ्याच्या मुलाशी तुलना करू नका.

त्या युनिव्हर्सिटीला टोकन भरलं असेल तर आजच रिफंडची शेवटची तारीख बघा. यूजीसीचा फी परतीचा नियम आहे, जितका उशीर तितके पैसे कापतात, आणि अर्ज ईमेलने द्या, फोनवर हो हो म्हणतात त्यावर थांबू नका.