मोटार चालू केली की…

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

खानापूरहून तुझी मेल मिळाली. मूलकणांच्या प्रयोगात शिरायचंय, खरं आपल्या कॉलेजात आहे काय, असं विचारलंयस. आहे त्यात काय होतं, ते आधी ऐक.

एम.एस्सी.ला मी म्युऑन मोजत होतो. म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ; आभाळातून सारखे बरसतात. तळहातातून सेकंदाला एखाददुसरा आरपार जातो. सिंटिलेटरचे, म्हणजे कण आरपार गेला की लुकलुकणारे, दोन पत्रे एकावर एक ठेवलेले, दोन्हींत एकदम ठिणगी पडली तरच मोजायचं. रोज साडेसहाच्या सुमाराला आकडा उसळायचा. हवेचा दाब उतरला की म्युऑन थोडे वाढतात, हे वाचलेलं. झालं, त्याच्यावर वहीची अकरा पानं भरली! शेवटी शिपाईमामा म्हणाले, "मी पाण्याची मोटार चालू केली की तुमचं मशीन कशाला वरडतंय ओ?"

मोटारीचा विद्युत गोंगाट दोन्ही पत्र्यांच्या वायरींत एकदमच शिरत होता. मग एक पत्रा खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला. एकच म्युऑन दोन्हींतून जाणं जवळजवळ संपलं, साडेसहाची उसळी तशीच. हे पहिल्याच दिवशी करायचं असतं.

मोठ्यांचंही असंच होतं म्हणा. २०११ साली इटलीत ऑपेरा नावाच्या प्रयोगात न्यूट्रिनो, म्हणजे कशालाही सहसा न अडणारे हलके कण, प्रकाशाच्या ६० नॅनोसेकंद आधी पोचले म्हणून जगभर बोंब झाली. निघाली काय, तर ऑप्टिकल फायबरची नीट न बसलेली जोडणी.

आणि आपल्याच कर्नाटकातलं कोलार घे. वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो तिथल्या सोन्याच्या खाणीत १९६५ साली सापडले. शास्त्रज्ञ दोन किलोमीटरहून खोल कशाला उतरले? या म्युऑनांची कटकट नको म्हणून. तू ज्याला सिग्नल म्हणशील, तो त्यांच्या लेखी कचरा.

जिनिव्हाच्या सर्न या मूलकणांच्या प्रयोगशाळेत जायचं पुढं बघू. तिथल्या सीएमएस प्रयोगाच्या खऱ्या नोंदी सर्नच्या ओपन डेटा पोर्टलवर फुकट आहेत, लॅपटॉपवर मावतील अशा छोट्या फायलीसुद्धा. दोन म्युऑनवाल्या घटना उतरवून घे. प्रत्येक जोडीची ऊर्जा आणि संवेग घेऊन वस्तुमान काढ, पायथनमध्ये आलेख मांड. ज्या कणाचे तुकडे होऊन जोडी झाली, त्याच्या वस्तुमानाशी गर्दी होते: ३.१ गिगा इलेक्ट्रॉनव्होल्टला (कणांचं वस्तुमान याच मापात मोजतात) जे-साय, ९.५ च्या आसपास अप्सिलॉन, ९१ ला झेड, अशी या कणांची टेकाडं उभी राहतील. पहिल्यांदा दिसली की अंगावर काटा येतो, माझ्या तर अजून येतो.

टेकाडांचे फोटो मात्र मला पाठवू नकोस. त्यांच्या मधल्या सपाटीवर जे म्युऑन पडलेत, ते कुठून आले, तेवढं दोन पानांत लिहून धाड. दिवाळीपर्यंत चालेल.

तुझा,
काका