60,000 च्या वायरीसाठी एफडी मोडावी का?

खानापूरच्या एका वाचकांनी विचारले आहे: घरी 1,20,000 रुपयांचे अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर आहेत, पण आवाज ‘मोकळा’ येत नाही. दुकानदाराच्या मते दोष वायरींचा आहे, नव्या घ्यायला 60,000 लागतील. त्यासाठी 2 लाखांची एफडी मोडावी, की कार्डावर बिनव्याजी हप्ते घ्यावेत? स्पीकर 8 ओहमचे, अ‍ॅम्प्लिफायरपासून प्रत्येकी अंतर 5 मीटर, सध्याची वायर 0.5 चौरस मिमीची.

दोन्ही नकोत. वायरीने आवाज अडतो हे खरे आहे, पण तो किती अडतो याचा हिशेब मांडता येतो. जाऊन-येऊन 10 मीटर तांब्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, तुमच्या वायरीत सुमारे 0.34 ओहम होतो. म्हणजे आवाजात जेमतेम 0.4 डेसिबलची घट. तीच वायर 2.5 चौरस मिमीची घेतली तर रोध 0.07 ओहमवर येतो आणि घट 0.1 डेसिबलच्याही खाली जाते. त्यापुढे कितीही पैसे ओतले तरी कमी करण्यासारखे काही उरत नाही. घरांच्या वायरिंगची चांगली तांब्याची तार इथे पुरते: एका स्पीकरला दोन अशा 5 मीटरच्या चार तारा, एकूण 20 मीटर. प्लगांसकट 4,000 रुपयांच्या आत बसवा. घेताना टोक ब्लेडने खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियम आहे, त्याचा रोध दीडपटीहून जास्त असतो.

पण त्याआधी फुकटचे काम करा. दोन्ही स्पीकरचे लाल-काळे टोक तपासा. एकाचे उलटे लागले असेल तर खर्ज पातळ होतो, गायकाचा आवाज दोन स्पीकरच्या मधोमध उभा राहत नाही, आणि माणूस म्हणतो आवाज मोकळा नाही! खानापूरच्या पावसाळ्यात उघडी तार हिरवी-काळी पडते. ते टोक 2 सेंमी कापून नव्याने सोला, स्क्रू घट्ट करा. घूं असा आवाज येत असेल तर वायरमनकडून अर्थिंग बघून घ्या.

यानंतरही समाधान झाले नाही तर खोलीकडे वळा. मोकळी फरशी आणि कोपऱ्यात कोंबलेले स्पीकर आवाज जितका बिघडवतात तितका कुठलीही धड वायर बिघडवत नाही. जाड जमखाना, जड पडदे, भिंतीपासून दीड-दोन फूट अंतर. यासाठी 10,000 बाजूला ठेवा.

आता पैसे. एफडी मुदतीआधी मोडली की जितके दिवस ठेवली तेवढ्या काळाचा दर मिळतो, शिवाय बहुतेक बँका त्यातून अर्धा ते एक टक्का कापतात. आणि तुम्ही 60,000 साठी पूर्ण 2 लाख हलवणार. तेच 60,000 वार्षिक 7 टक्क्यांनी 5 वर्षांत करापूर्वी सुमारे 84,000 होतात. वापरलेल्या वायरीला मात्र गिऱ्हाईक मिळणे कठीण. बिनव्याजी हप्त्यांतही कागदोपत्री लागणाऱ्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क तुमच्याच माथी येते.

दुकानदार ठामच असेल तर वायर परतीच्या अटीवर चार दिवस आणा. आवाजाची पातळी तीच ठेवून, कोणती जोडली आहे हे न सांगता घरच्या कोणाला तरी दहा वेळा बदलायला लावा. पाच-सहा वेळा ओळखलीत तर तो नुसता अंदाज आहे, वायर परत द्या. नऊ-दहा वेळा ओळखलीत तर मला पुन्हा लिहा. तेव्हाही पैसे महिन्याच्या बचतीतून साठवू, एफडीतून नाही.