सवय सुटते, पण बक्षिसामुळे?

प्रश्न : धूम्रपान सोडणाऱ्या कर्मचाऱ्यांना रोख बक्षीस देण्याचा आमच्या कंपनीचा विचार आहे. पैशाने लागलेले वळण टिकते का?

उत्तर : काही जणांचे टिकते. अमेरिकेतील एका कंपनीच्या ८७८ कर्मचाऱ्यांवरील, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मार्गदर्शनवर्ग पूर्ण केल्यास १००, सहा महिन्यांत सिगारेट सुटल्यास २५० आणि पुढील सहा महिने ती दूर ठेवल्यास ४०० डॉलर मिळणार होते. मात्र शब्दावर विश्वास न ठेवता (आणि ते योग्यच होते) लाळेची किंवा लघवीची तपासणी केली जाई. वर्षाच्या सुमारास बक्षीसगटातील १४.७ टक्के, तर केवळ माहिती मिळालेल्यांपैकी ५ टक्के लोक धूम्रपानमुक्त होते. बक्षिसे थांबल्यावर सहा महिन्यांनी हे आकडे ९.४ आणि ३.६ पर्यंत उतरले. रक्कम पगारात मिसळू नका. ती वेगळी हाती पडली, तरच जाणवते.