तेल संपलं तर माझं काय?

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाची मुलं हल्ली समुपदेशनासाठी समोर बसली की तेच विचारतात, "मॅडम, सगळं इलेक्ट्रिक होणार. मग ऑइल अँड गॅसमध्ये जाऊन पुढे काय?"

निनाद (नाव बदललंय) उरणचा. वडिलांच्या मनात ओएनजीसी, मित्र म्हणत कोडिंग शीक. त्याचं पालुपद एकच, "निवड चुकली तर आयुष्य वाया."

मी विवेकनिष्ठ पद्धतीत मुरलेली, म्हणजे भावनेमागचा अविवेकी विचार शोधून तो तपासायचा. अशा भीतीच्या मुळाशी मला 'खात्री हवीच' हा हट्ट दिसतो.

"चाळीस वर्षांची खात्री कुठल्या नोकरीत मिळेल रे?"

गप्प.

पुढच्या भेटीत सहज विचारलं, "आत तेल आहे की पाणी, पंपाला काय फरक पडतो?"

"पडतो ना मॅडम! क्रूड दाट असतं. पाण्याचा पंप तसाच लावला तर प्रवाह घटतो, मोटरवर लोड येतो. सीलचं मटेरिअलही बदलावं लागतं." वही ओढून त्यानं शाफ्ट, इंपेलर, सील काढून दाखवलं. मी मध्ये एक शब्द बोलले नाही. ते जमायलाही वर्षं जातात बरं का!

"आणि उद्या हायड्रोजन न्यायचा झाला तर?"

"मग कॉम्प्रेसर लागेल. हायड्रोजन पोलाद ठिसूळ करतो, धातू बघून घ्यावा लागेल." तो थबकला. "म्हणजे तिथेही माझंच काम आहे की!"

हेच मी सांगितलं असतं तर सल्ला ठरला असता. त्याच्या तोंडून आलं म्हणून पटलं.

माझ्या मते खरा धोका तेलाच्या भावातल्या चढउताराचा. 2014 मध्ये शंभर डॉलरच्या वर असलेलं पिंप जानेवारी 2016 मध्ये तिसाच्या खाली आलं आणि जगभर नोकऱ्या गेल्या. म्हणून पहिल्या पगारापासून सहा महिन्यांचा खर्च बाजूला टाकायला लागा. शिकताना पंप-कॉम्प्रेसर किंवा पाइपिंग-तपासणी, यातलं एक तरी पक्कं करा. ते खत कारखान्यात नि वीज केंद्रातही चालतं. 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणणाऱ्या क्लासला लाखभर रुपये देण्याआधी तिथून नोकरीला लागलेल्या दोघांना तरी गाठा.

आणि घरी बोला. बॉम्बे हाय हे समुद्रातलं तेलक्षेत्र मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटर. साधारण चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. ये-जा हेलिकॉप्टरनं; ते पाण्यात उलटलं तर बाहेर कसं पडायचं, हेही आधी शिकावं लागतं. शेवटच्या भेटीला निनादची आई आली होती.

"मग गणपतीत?"

"कधी असेन, कधी नसेन," तो म्हणाला.