एक्सप्लोरर बिघडलाय, सीडी नाही: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

एक्सप्लोरर म्हणजे विंडोजमध्ये डेस्कटॉप आणि फोल्डर दाखवणारा प्रोग्राम. तो बिघडला की फोल्डर उघडत नाहीत, डेस्कटॉप कोरा, विंडोजची सीडी नाही, आणि दुकानदार म्हणतो फॉरमॅट. दर आठवड्याला हेच पत्र येतं, म्हणून या वेळी सगळी उत्तरं एकत्र देतोय.

प्रश्न: लॅपटॉप सुरू होतो, पण काळा पडदा आणि माउसचा बाण एवढंच दिसतं.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजरमध्ये ‘रन न्यू टास्क’ घ्या आणि इंग्रजीत एक्सप्लोरर.ईएक्सई टाइप करा. डेस्कटॉप परत आला आणि उद्या पुन्हा गेला, तर पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न: सीडी कधी मिळालीच नव्हती. फॉरमॅटशिवाय इलाज नाही का?

आहे. सीडी मागायचं ते विंडोज एक्सपी, आणि तीच समजूत अजून फिरतेय. विंडोज १० आणि ११ मूळ फाइल्सचा साठा विनएसएक्सएस नावाच्या फोल्डरमध्ये स्वतःजवळच ठेवतं. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. आधी डिसम या विंडोजच्या दुरुस्ती साधनाची ‘रिस्टोअरहेल्थ’ ही आज्ञा (DISM /Online /Cleanup-Image /RestoreHealth) चालवा. ती इंटरनेटवरून हा साठाच दुरुस्त करते. मग ‘एसएफसी स्कॅननाऊ’ (sfc /scannow) चालवा. ती त्या साठ्यातून बिघडलेल्या फाइल्स बदलते. क्रम उलटा केलात आणि साठाच खराब असेल, तर एसएफसीला फाइल्स दुरुस्त करता येणार नाहीत. पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा मध्येच बराच वेळ अडकतो, तेव्हा घाबरून मशीन बंद करू नका. हे दोन्ही न करता फॉरमॅटचे पैसे मागणाऱ्याला आधी एसएफसीचा निकाल दाखवायला सांगा.

प्रश्न: माझ्याकडे विंडोज ७ आहे.

‘एसएफसी’ चालेल, ‘रिस्टोअरहेल्थ’ नाही. आणि या विंडोजचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० रोजी संपलाय, तेव्हा बँकेचे व्यवहार त्यावर करू नका.

प्रश्न: एका साइटवर एक्सप्लोररची फाइल फुकट मिळतेय. उतरवून टाकू का?

नको. खरी फाइल सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये असते. त्याच नावाची दुसरीकडून चालणारी दिसली, तर अँटिव्हायरसने तपासा आणि जाणकाराला दाखवा.

प्रश्न: फक्त राइट क्लिक केलं की एक्सप्लोरर बंद पडतो.

मग बहुधा एक्सप्लोरर शाबूत आहे. एखाद्या सॉफ्टवेअरने त्या मेनूत घुसवलेला तुकडा त्याला पाडतोय. अलीकडे टाकलेलं सॉफ्टवेअर काढून पाहा. ‘पीसी क्लीनर’ असेल तर तेच आधी काढा.

प्रश्न: तीनदा स्कॅन केलं. दरवेळी फाइल्स दुरुस्त झाल्या म्हणतं, आठ दिवसांत पुन्हा तेच. एक फोल्डर उघडायला मिनिट लागतं. आता कोणती आज्ञा चालवू?

कोणतीही नको. आधी फाइल्सची कॉपी घ्या.

हे पत्र वाचताना मला खरंच काळजी वाटते. दुरुस्त केलेली फाइल पुन्हा पुन्हा बिघडते, तेव्हा दोष बहुतेक वेळा विंडोजचा नसतो. कधी रॅम, कधी वारंवार जाणारी वीज, पण फोल्डर असे रेंगाळू लागले की माझा पहिला संशय डिस्कवर. अशा वेळी लोक ‘चेकडिस्क’ या डिस्क तपासणाऱ्या विंडोजच्या साधनाचं पूर्ण स्कॅन लावून झोपतात. ते डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचतं. मरणपंथाला लागलेल्या डिस्कला तो ताण सोसत नाही. माझ्याकडे एक विद्यार्थिनी चार दिवस स्कॅन करून मग आली. पहिल्या दिवशी आली असती तर प्रबंध वाचला असता. ‘अजून चालतोय ना’ म्हणत थांबू नका. फोटो, हिशेब, जमिनीच्या कागदांचे स्कॅन, जे पुन्हा मिळणार नाही ते आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर कॉपीही करू नका. मशीन बंद करा, पुन्हा चालू करून बघू नका, थेट डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे जा. कॉपी झाल्यावर डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद, जाणकाराला दाखवा. त्यात ‘पेंडिंग सेक्टर’चा, म्हणजे नीट वाचता न आलेल्या भागांचा, आकडा वाढत असेल तर डिस्क बदला.

प्रश्न: विंडोज नव्याने बसवणाऱ्या ‘रीसेट’मध्ये ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तर सगळं राहतं ना?

फाइल्स राहतात, तुम्ही टाकलेली सॉफ्टवेअर जातात. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा परवाना क्रमांक आधी लिहून ठेवा. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर उतरवा. मशीन कार्यालयाचं असेल तर तिथल्या तंत्रज्ञाला विचारल्याशिवाय रीसेटला हात लावू नका.